अनुशेष म्हणजे नेमकं काय, आणि रुपयांत मोजला की तो फसवतो कसा?

दर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरलं की एक शब्द पेपरात हमखास दिसतो: अनुशेष. विदर्भाचा अनुशेष, मराठवाड्याचा अनुशेष, सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. पुढे कोटींचे आकडे. ते वाचून पुण्याकडचा माणूस म्हणतो, "किती वर्षं हेच ऐकायचं?" आणि अमरावतीकडचा म्हणतो, "आमचा पैसा तिकडं गेला." हा अनुशेष मोजतात कसा, हे विचारलं की दोघंही थांबतात. मीसुद्धा थांबायचे.

चंद्रपूर जिल्ह्यात माझ्या आत्याचं गाव आहे. धानाचा मुलूख. त्यांच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला एक नहर आहे. पुण्याकडे ज्याला पाट किंवा कालवा म्हणतात, त्याला तिकडं नहर म्हणतात. मी गेले तेव्हा त्याच्या तळात पाणी नव्हतं. सिमेंटच्या अस्तराला भेगा पडलेल्या आणि त्या भेगांतून बेशरमाची झुडपं कमरेएवढी वाढलेली. आतेभाऊ म्हणाला, "ताई, हा नहर खोदला तवा मी सातवीत होतो. आता पोरगा बारावीत हाये." त्या दिवसापासून अनुशेष हा शब्द मला पेपरातला राहिला नाही. तो काय आहे, कुणी मोजला आणि महागाईशी त्याचा काय संबंध, हे समजून घेत गेले. तेच इथे मांडते.

आधी शब्दाचा अर्थ

अनुशेष म्हणजे थकबाकी नव्हे. सरकारच्या तिजोरीत विदर्भाच्या नावाची कुठली थैली पडून आहे आणि ती द्यायची राहिली आहे, असं काही नसतं. एखादा जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा ज्या बाबतीत मागे आहे, तिथे त्याला सरासरीपर्यंत आणायला जो खर्च येईल, तो त्याचा अनुशेष. म्हणजे ती एक अंदाजी रक्कम आहे. घराची गळकी बाजू दुरुस्त करायला गवंडी सांगतो तसं एस्टिमेट. एस्टिमेट म्हणजे दुरुस्ती नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचा निम्मा गोंधळ टळतो.

ही तूट आली कुठून? आजचा महाराष्ट्र तीन वेगवेगळ्या कारभारांतून आला आहे. पश्चिमेकडचा भाग मुंबई प्रांतात, विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, आणि मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तीन चुलतभाऊ एका घरात राहायला आले, एकाच्या वाट्याला बारमाही विहीर होती, दुसऱ्याकडे जमीन होती पण बैल नव्हते, तिसऱ्याच्या मुलांना शाळाच मिळाली नव्हती, असा तो प्रकार होता. एकत्र यायच्या आधी बोलणी झाली. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार तो हाच. नागपूरचं हिवाळी अधिवेशनही त्या करारामुळेच होतं. पुढे १९५६ मध्ये राज्यघटनेत ३७१ (२) हे कलम आलं. त्यात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमता येतील आणि विकासखर्चाच्या न्याय्य वाटपाची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येईल, अशी सोय झाली. १ मे १९६० ला राज्य झालं. मंडळं मात्र १ मे १९९४ ला आली. मधली ३४ वर्षं त्या कलमाचा वापरच झाला नाही.

दांडेकरांनी मोजपट्टी कशी बनवली

१९८३ मध्ये सरकारने एक सत्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. १९८४ मध्ये अहवाल आला. भाषणांत फिरणारी तक्रार त्यांनी पहिल्यांदा कागदावर, जिल्हावार, आकड्यांत आणली. माझ्या मते महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अर्थशास्त्राचा इतका थेट उपयोग क्वचितच झाला असेल.

पद्धत सोपी आहे. समजा राज्यात दर लाख लोकांमागे सरासरी ५० खाटा आहेत आणि तुमच्या जिल्ह्यात ३०. जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख. म्हणजे २०० खाटा कमी. एका खाटेमागे २ लाख रुपये खर्च धरला तर तुमच्या जिल्ह्याचा आरोग्याचा अनुशेष ४ कोटी. (हे आकडे समजावण्यापुरते माझे आहेत.) असंच रस्ते, सिंचन, गावांची वीज, शाळा, तंत्रशिक्षण, पिण्याचं पाणी, जनावरांचे दवाखाने वगैरे क्षेत्रांत करायचं आणि बेरीज मांडायची. जो जिल्हा सरासरीच्या वर आहे, त्याचा अनुशेष शून्य.

सिंचनात एक अडचण होती. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर रब्बी ज्वारी, दोन्ही कागदावर 'भिजलेला एक हेक्टर'च. पण ऊस ज्वारीच्या कितीतरी पट पाणी पितो. म्हणून सगळं सिंचन रब्बीच्या मापात रूपांतरित करून मोजलं गेलं. सगळी नाणी एका चलनात आणावीत तसं. पाण्याचं खरं वाटप त्यामुळे दिसलं.

बेरीज आली ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचे १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचे ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचे १,१८९.३८ कोटी. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. अनुशेष म्हणजे फक्त विदर्भ-मराठवाड्याची गोष्ट, असं आपण धरून चालतो; पण सदतीस टक्के अनुशेष कोकण, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या मागे पडलेल्या जिल्ह्यांचा होता. दांडेकरांनी प्रदेशाचं नाव पाहिलं नाही, तूट पाहिली.

दहा वर्षांत अनुशेष चौपट कसा झाला?

मंडळं आली तेव्हा पुन्हा मोजणी करायची ठरली. निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली. तिने १ एप्रिल १९९४ चा अनुशेष काढला: १४,००६.७७ कोटी. विदर्भ ६,६२४.०२, मराठवाडा ४,००४.५५, उर्वरित महाराष्ट्र ३,३७८.२०.

तीन हजारांचे चौदा हजार! ही बातमी वाचून कुणालाही वाटेल की मागास भाग दहा वर्षांत चौपट मागास झाला. तसं नाही. यात तीन गोष्टी मिसळल्या आहेत आणि त्या सोडवून घ्याव्या लागतात.

पहिली, महागाई. महागाई म्हणजे त्याच रुपयात पूर्वीपेक्षा कमी वस्तू मिळणं. वर्षाला ८ टक्के भाव वाढतात असं धरलं, तर नऊ वर्षांत किंमत दुप्पट होते. या दराने १९८४ चे ३,१८६ कोटी दहा वर्षांत, एकही नवी तूट न पडता, जवळपास ६,९०० कोटी होतात. रस्ता तेवढाच लांब, खाटा तेवढ्याच कमी, फक्त डांबर आणि सिमेंट महाग.

दुसरी गोष्ट, सरासरी स्वतः हलते. वर्गात एक मुलगा ३० वरून ४० मार्कांवर आला, पण वर्गाची सरासरी ५० वरून ६५ झाली, तर तो पुढे गेला आणि तरीही त्याची तूट २० ची २५ झाली. त्याने अभ्यास केला नाही असं म्हणता येत नाही, आणि त्याला आता मदत नको असंही म्हणता येत नाही.

तिसरी, दोन समित्यांनी घेतलेली क्षेत्रं आणि दर हुबेहूब सारखे नव्हते. त्यामुळे दोन बेरजा शेजारी ठेवून 'इतके पट' म्हणणं धोक्याचं.

मग तुलना कशाची करायची? वाट्याची. एका समितीच्या एकाच यादीत तिन्ही प्रदेशांना एकाच वर्षाचे भाव लागलेले असतात, त्यामुळे टक्केवारीत महागाई आपोआप गळून पडते. १९८४ मध्ये एकूण अनुशेषात विदर्भाचा वाटा ३९ टक्के होता, १९९४ मध्ये ४७. मराठवाड्याचा साडेतेवीस होता, तो साडेअठ्ठावीस झाला. उर्वरित महाराष्ट्राचा ३७ वरून २४ वर आला. म्हणजे चौपटीचा आकडा फुगलेला असेल, पण उर्वरित महाराष्ट्रातले मागे राहिलेले जिल्हे सरासरी गाठत असताना विदर्भ-मराठवाड्यातले मागेच राहत होते, ही तक्रार खोटी नव्हती.

महागाई बांधकामात कशी शिरते

आपण पेपरात वाचतो ती महागाई किरकोळ बाजाराची: धान्य, भाजी, तेल, घरभाडं. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य त्या महागाईला ४ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचं असतं, दोन टक्के वर-खाली. धरण बांधणाऱ्याला मात्र तूरडाळीचे भाव लागत नाहीत. त्याला लागतं लोखंड, सिमेंट, डिझेल आणि सगळ्यात जास्त म्हणजे जमीन. सरकारी कामाचे दर 'दरसूची'त ठरतात. ती बदलली की जुनं एस्टिमेट कागद होतं. मग प्रकल्पाला 'सुप्रमा' घ्यावी लागते. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. पाटबंधाऱ्याच्या कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर हा शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. सुप्रमा मिळेपर्यंत काम थांबतं, थांबलेलं काम आणखी महाग होतं, आणि पुढची सुप्रमा लागते.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्प आहे. १९८३ मध्ये त्याला मान्यता मिळाली तेव्हाचा खर्च ३७२ कोटी. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. अडीच लाख हेक्टर भिजवण्याचं उद्दिष्ट. २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्च १८,४९४ कोटींवर गेला. जवळपास पन्नास पट.

यात महागाईचा हात किती? वर्षाला ८ टक्के धरून ३३ वर्षांचा हिशेब केला तर ३७२ कोटींचे साधारण ४,७०० कोटी होतात. उरलेले पावणेचौदा हजार कोटी नुसत्या भाववाढीने झाले नाहीत. कामाची व्याप्ती वाढली, नकाशे बदलले, भूसंपादनाचे दर वाढले, पुनर्वसनाचा खर्च आला. कालव्यांच्या कामांबद्दल चौकश्या झाल्या, गुन्हेही दाखल झाले. 'महागाईमुळे खर्च वाढला' हे वाक्य ऐकलं की एवढा गुणाकार करून पाहावा. महागाईचं नाव पुढे करून बरंच काही झाकलं जातं, ही माझी खरी चीड आहे.

थोडं थोडं सगळ्यांना दिलं तर काय बिघडतं?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून सावकाश सांगते.

समजा आज प्रत्येकी १०० कोटींचे दहा प्रकल्प आहेत. एकूण १,००० कोटी. सरकार म्हणतं, दर वर्षअखेरीला १०० कोटी देऊ. साधा हिशेब सांगतो: दहा वर्षांत काम फत्ते. आता यात ८ टक्के भाववाढ घाला. पहिल्या वर्षीच्या १०० कोटींत आजच्या भावाने ९२-९३ कोटींचंच काम होतं. दहाव्या वर्षी त्याच १०० कोटींत ४६ कोटींचं. अशी बेरीज करत गेलं तर दहा प्रकल्प पुरे व्हायला दहा नव्हे, सुमारे २१ वर्षं लागतात. आणि भाववाढ १० टक्के असेल तर? मग दरवर्षी १०० कोटी ओतत राहूनही ते काम कधीच पूर्ण होत नाही. जेवढं आपण बांधतो, तेवढ्याच वेगाने उरलेलं महाग होत जातं. हे पटत नसेल तर कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. मी दोनदा केलं.

आता यात आणखी एक निवड आहे. ते १०० कोटी दहा प्रकल्पांना दहा-दहा कोटी वाटायचे की एकेक प्रकल्प पुरा करत जायचा? पैसा दोन्हीकडे तेवढाच. पण एकेक पुरा केला तर पहिला प्रकल्प दुसऱ्याच वर्षी पाणी देऊ लागतो. वाटून दिले तर एकोणीस-वीस वर्षं कुणालाच काही मिळत नाही. दहा ठिकाणी अर्धवट भिंती आणि दहा ठिकाणी भूमिपूजनाच्या कोनशिला. आमदाराला कोनशिला हवी असते, हे मी समजू शकते. लोकही तीच मागतात; आपल्या तालुक्यातलं काम 'निदान सुरू तरी करा' म्हणून उपोषणाला बसतात. पण अर्धवट नहरातून अर्धं पाणी येत नाही. अजिबातच येत नाही.

पैसे दिले म्हणजे अनुशेष संपला का?

२००१ पासून राज्यपाल दरवर्षी निधिवाटपाचे निर्देश देऊ लागले. त्याचा उपयोग झाला. सिंचन सोडून बहुतेक क्षेत्रांतला आर्थिक अनुशेष पुढच्या दहाएक वर्षांत कागदावर भरून निघाला. इथे 'आर्थिक' या शब्दाकडे लक्ष द्या, कारण त्याला एक जोडीदार आहे: भौतिक अनुशेष. आर्थिक अनुशेष म्हणजे किती रुपये द्यायचे राहिले. भौतिक अनुशेष म्हणजे किती हेक्टर, किती किलोमीटर, किती खाटा व्हायच्या राहिल्या.

हे दोन वेगळे का पडतात? १९९४ च्या भावाने १०० कोटींचा अनुशेष समजा २००८ मध्ये १०० कोटी देऊन फेडला. खातं मिटलं, वहीत शून्य. पण वर्षाला ६ टक्के भाववाढ धरली तरी त्या १०० कोटींत ठरलेल्या कामाचा निम्मा भागही होत नाही. वाण्याची उधारी रुपयांत असते, ती रुपयांत फिटते. इथे तर दोन पोती गहू द्यायचं कबूल केलं होतं आणि चौदा वर्षांनी त्या वेळच्या गव्हाची किंमत हातावर ठेवली.

पैसा सुटल्यापासून शेतात पाणी येईपर्यंतही बरेच टप्पे आहेत. अर्थसंकल्पात तरतूद होते. ती प्रत्यक्ष सुटते का, हा पुढचा प्रश्न; 'बीडीएसवर पैसे आले का?' असं कंत्राटदार विचारतात ते हेच. बीडीएस म्हणजे निधी खालच्या कचेरीपर्यंत पोचवायची सरकारची संगणकीय व्यवस्था. मग खर्च करायला अभियंते लागतात, आणि मागास भागातली पदंच जास्त रिकामी राहतात, कारण बदली टाळायची धडपड तिथूनच होते. ३१ मार्चला न वापरलेला निधी परत जातो. पुढच्या वर्षी कुणीतरी सभागृहात म्हणतं, "यांना दिला तरी खर्च करता येत नाही." तरतूद ताटात वाढणं झालं. घास पोटात गेला की नाही, ते ताटाकडे पाहून कळत नाही.

सिंचनाचा भौतिक अनुशेष सगळ्यात जास्त चिवट राहिला तो पश्चिम विदर्भात: अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा. त्यातला पूर्णेच्या काठचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. पिकाला घातलं तर जमीन फुटते, प्यायलं तर किडनीचे विकार होतात. अशा जागी 'विहिरी घ्या, धरणाची वाट कशाला बघता' हा सल्ला कामाचा नाही. तिथे वरून येणारं गोडं पाणी हाच उपाय. म्हणूनच तिथला हेक्टरचा आकडा रुपयांच्या आकड्यापेक्षा जास्त बोलका आहे.

चंद्रपुरातल्या माझ्या आतेभावाचा हिशेब तर याहून सोपा आहे. त्याच्याकडे पाऊस भरपूर होतो. त्याला बारमाही पाणी नको. ऑक्टोबरात धान गर्भावर असताना पावसाने दडी मारली, तर त्या वेळचं एक पाणी हवं. ते एक पाणी मिळालं तर पीक घरी येतं, नाहीतर लोंब्या पोचट निघतात. हे मोजायला समिती लागत नाही. नहराच्या दारावर ऑक्टोबरात एक माणूस उभा राहिला तरी पुरे.

"मागास तालुके आमच्याकडेही आहेत"

आहेतच. साताऱ्यातले माण-खटाव, सांगलीतले जत-आटपाडी, नंदुरबारमधले अक्कलकुवा आणि धडगाव. उलट विदर्भात नागपूर शहर आहे आणि त्याच विदर्भात मेळघाट आणि भामरागडसारखे दुर्गम आदिवासी भागही आहेत. प्रदेशाची सरासरी जिल्हा लपवते, जिल्ह्याची सरासरी तालुका लपवते. ही दांडेकरांच्या पद्धतीतली खरी मर्यादा आहे. २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने हाच प्रश्न पुन्हा हातात घेतला. २०१३ मध्ये अहवाल दिला, तो डिसेंबर २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. तिने नुसत्या 'सरासरीपासूनच्या तुटी'पलीकडे जाऊन तालुक्याच्या पातळीवर आणि पाण्याच्या उपलब्धतेकडे पाहायला सांगितलं. विदर्भ-मराठवाड्यातून विरोध झाला. जुनी तूट भरण्याआधीच मोजपट्टी बदलली, तर जुनं देणं बुडेल, ही भीती होती. ती भीती मला रास्त वाटते. तालुका मोजा, जरूर मोजा. पण जुन्या वहीची पानं फाडून नको.

"कर मुंबई-पुणे भरतं, मग पैसा बाहेर का?"

कर जिथे जमा होतो आणि उत्पन्न जिथे तयार होतं, त्या दोन जागा नेहमी एक नसतात. कंपनी आयकर भरते तो जिथे तिची नोंद आणि मुख्य कचेरी, तिथून. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. कोळसा तिथला, राख तिथे उडते, वीज राज्यभर जाते. जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या तक्त्यात त्याने चंद्रपूरचा आकडा वाढलेला दिसतो, पण तो पैसा तिथल्या घरांत थांबतोच असं नाही. म्हणून दरडोई उत्पन्न हा एकटा आकडा घेऊनही विकास मोजता येत नाही. शिवाय मागास जिल्ह्यातून माणसं उठून पुण्या-मुंबईत येतात, तेव्हा त्यांच्या घरांचा, पाण्याचा, गर्दीचा खर्च ती शहरंच उचलतात. हा खर्च कुणाच्याही अनुशेषात धरलेला नाही.

"थेट खात्यात पैसे मिळतात, मग अनुशेष कशाला?"

'लाडकी बहीण' योजनेत २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. घोषणेच्या वेळी वर्षाला ४६ हजार कोटींच्या खर्चाचा अंदाज होता. माझ्या आत्याच्या सुनेला त्या पैशाचा आधार आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याला नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, ही रक्कम भामरागडला आणि बारामतीला सारखीच आहे, त्यामुळे प्रदेशांतली दरी तिने भरत नाही. दोन, वर्षाला ५ टक्के महागाई राहिली आणि रक्कम वाढवली नाही, तर पाच वर्षांनी त्या १,५०० रुपयांत आजच्या पावणेबाराशे रुपयांच्याच वस्तू येतील. नहराचं पाणी मात्र महागाईने पातळ होत नाही.

आणि तिजोरी एकच आहे. पगार, निवृत्तिवेतन आणि कर्जाचं व्याज हा बांधील खर्च आधी निघतो, मग दर महिन्याला खात्यात जाणारे पैसे. उरलेल्यात धरणं आणि रस्ते. ओढाताण झाली की पगार कापता येत नाही, खात्यातले पैसे थांबवता येत नाहीत. पुढे ढकलता येतं ते बांधकाम. ते ढकललं की काय होतं, ते वरच्या २१ वर्षांच्या हिशेबात आलंच आहे.

"मुख्यमंत्री तर तुमच्याकडचेही होते"

होते. कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि फडणवीस विदर्भातले. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण मराठवाड्यातले. हा आक्षेप मी टाळणार नाही. त्यांना जाब विचारायलाच हवा, आणि तो त्या त्या भागातल्या मतदारांनी सगळ्यांत आधी विचारायला हवा. पण त्याने तूट नाहीशी होत नाही. भामरागडच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, यात तिथल्या बाळंतिणीचा काही दोष नाही.

मंडळं आली किंवा नाही आली, काय फरक पडतो?

तिन्ही विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा आणण्याचा निर्णय केला आणि तेव्हापासून हा विषय मागणी, आश्वासन, पत्रव्यवहार यांत फिरत राहिला. पुष्कळ जण विचारतात की मंडळांना ना मोठा पैसा होता, ना अधिकार. मग ती हवीत कशाला?

घटनेच्या त्या कलमातच एक छोटी अट आहे. प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला पाहिजे. मला मंडळं हवीत ती या एका कागदासाठी. त्यात प्रत्येक तालुक्यापुढे रुपयांच्या रकान्याशेजारी कोणत्या वर्षाच्या भावाने ते रुपये धरले, हे लिहिलेलं असावं. त्याच्या पुढच्या रकान्यात त्या वर्षी प्रत्यक्ष किती हेक्टरला पाणी पोचलं ते. निर्माण झालेली क्षमता नव्हे, पोचलेलं पाणी. आणि शेवटी किती पदं भरलेली आहेत ते. आत्याच्या गावचा नहर 'निर्मित सिंचन क्षमता' या रकान्यात केव्हाच मोजून झाला असेल. पोचलेल्या पाण्याच्या रकान्यात त्याच्यापुढे काय लिहायचं, ते बेशरमाची झुडपं पाहून कुणालाही सांगता येईल.